जेली घातल्यावरची दहा मिनिटं : स्टेंट काढताना दुखणं कमी कसं होतं

ऐरोलीच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. वडील ६८ वर्षांचे. मूत्रवाहिनीतला खडा दुर्बिणीतून काढला, आत डीजे स्टेंट, म्हणजे किडनीपासून लघवीच्या पिशवीपर्यंतची बारीक नळी, तात्पुरती ठेवली. आता तो स्टेंट काढायची तारीख जवळ आली आहे. डॉक्टर म्हणतात, ‘भुलीची गरज नाही, जेलीवर होतं, पाच मिनिटांचं काम.’ पण ऑपरेशनच्या आधी एकदा वडिलांची लघवी अडली होती आणि रात्री कॅज्युअल्टीत कॅथेटर घालताना त्यांना इतका त्रास झाला की आता ते म्हणतात, ‘राहू दे तो स्टेंट आतच.’ मुलाने विचारलंय की पूर्ण भूल द्यायला सांगावी, की डॉक्टरांचं ऐकावं?

मी युरोलॉजिस्ट आहे. ठाण्यात ओपीडी असते, ऑपरेशनं ठाण्यात आणि वाशीत, आणि आठवड्यातला एक मोठा भाग अशाच ‘छोट्या’ कामांत जातो : स्टेंट काढणं, दुर्बिणीने लघवीची पिशवी (मूत्राशय) तपासणं, कॅथेटर बदलणं, प्रोस्टेटची बायॉप्सी, सुंता. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

थोडक्यात सांगायचं तर तुमचे डॉक्टर चूक सांगत नाहीत. बहुतेक पुरुषांचा स्टेंट जेलीवर, म्हणजे मूत्रमार्गात बधिर करणारी जेली घालून, निघतो आणि ते घरी जाऊन जेवतात. पण ‘जेलीवर’ या एका शब्दाखाली दोन फार वेगळ्या गोष्टी चालतात, आणि तुमच्या वडिलांच्या वाट्याला त्यातली कुठली येणार हे आधी विचारून घ्यायला हवं. एक गोष्ट मात्र चर्चेच्या बाहेर ठेवा : स्टेंट आत ठेवून देणं हा पर्यायच नाही. का, ते पुढे येईल.

प्रश्न वरवर भुलीचा दिसतो. मला तो त्या रात्रीचा वाटतो. वडील स्टेंटला घाबरलेले नाहीत, तीच रात्र पुन्हा यायची या विचाराने घाबरलेत. म्हणून त्या रात्री काय झालं असणार ते आधी समजून घेऊ. लघवी पूर्ण अडते तेव्हा जी पिशवी एरवी चारशे-पाचशे मिलीला ‘चला’ म्हणते, तिच्यात त्याच्या दुप्पटसुद्धा साठलेली असते. माणूस खाटेवर नीट झोपू शकत नाही, वाकून उभा असतो. प्रोस्टेट सुजलेली. कॅज्युअल्टीत बाजूच्या खाटेवर अपघाताचा पेशंट. ड्यूटीवरचा डॉक्टर कॅथेटरच्या टोकाला जेली फासतो आणि लगेच आत सरकवायला लागतो, कारण त्या क्षणी पिशवी रिकामी करणं हेच सगळ्यात मोठं वेदनाशामक असतं. घाईचं कारण खरं असतं. दुखतं तेही खरं असतं.

स्टेंट काढणं त्याच वाटेने होतं, पण परिस्थिती उलटी असते. पिशवी ताणलेली नाही, घाई नाही, वेळ ठरलेली आहे, आणि तयारीला वाव आहे. वडिलांना हा फरक पटला तर अर्धी भीती तिथेच उतरते. ‘काही होत नाही हो बाबा’ असं म्हणून ती उतरत नाही.

आता दुखतं कुठे? पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण १८ ते २० सेंटिमीटर लांब असतो. त्यातला बराचसा भाग दुर्बीण निमूट जाऊ देतो. त्रास होतो तो मुख्यतः दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे अगदी टोकाचं छिद्र, सगळ्यात अरुंद. दुसरं म्हणजे आत जिथे वळण येतं तिथली लघवी रोखणारी झडप आणि तिच्या मागची प्रोस्टेट. ही झडप आपल्या ताब्यातल्या स्नायूची आहे. लोकलमध्ये लघवी लागली आणि मुलुंड ते ठाणे रोखून धरायची असेल तर आपण तीच आवळतो. माणूस घाबरला की मांड्या आवळतो, ढुंगण आवळतो, आणि त्याला कळतही नाही पण ती झडपही आवळतो. बंद झडपेवर दुर्बीण दाबली की सणक येते, सणक आली की झडप आणखी घट्ट. माझ्या मते या कामातलं निम्म्याहून जास्त दुखणं या फेऱ्यातून येतं, त्यामुळे पेशंट आणि डॉक्टर दोघांनी मिळून तो फेरा सुरूच होऊ न देणं हा सगळा खेळ आहे.

त्यात पहिला मुद्दा दुर्बिणीचा. लवचीक दुर्बीण साधारण पाच-साडेपाच मिलिमीटर जाडीची असते आणि घाटातल्या एसटीसारखी वळणं घेत जाते. रिजिड, म्हणजे सरळ धातूची दुर्बीण थोडी जाड असते आणि तिच्यासाठी घाटच सरळ करावा लागतो, म्हणजे मूत्रमार्गाचं वळण ताणून एका रेषेत आणावं लागतं. तो ताण पुरुषाला जाणवतो. लवचीक दुर्बीण महाग आणि नाजूक, दुरुस्तीचा खर्चही मोठा, म्हणून सगळीकडे ती नसते. ठाणे-नवी मुंबईत आता पुष्कळ ठिकाणी आहे, पण गृहीत धरू नका, विचारा. लवचीक असेल तर जेलीवर करण्याकडे माझा कल असतो. रिजिडच असेल आणि पेशंट मागच्या अनुभवाने पोळलेला असेल, तर मी स्वतःहून हलक्या भुलीचा विषय काढतो. रिजिडने जेलीवर स्टेंट काढणं चुकीचं नाही, वर्षानुवर्षं होत आलंय. पण ते कुणावर करायचं हे माणूस बघून ठरवावं लागतं.

बायकांचं गणित वेगळं. त्यांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर, सरळ. रिजिड दुर्बीणसुद्धा त्या सहसा सहन करतात. म्हणून ‘बायकांना काही होत नाही’ असं समजून त्यांना तयारीच दिली जात नाही, हे मला खटकतं. जेली त्यांनाही लागते, थांबणंही लागतं. आणि त्यांच्या बाबतीत त्रासाचा मोठा भाग दुर्बिणीचा नसतोच, पाय वर बांधून उघडं पडून राहण्याचा असतो. अंगावर चादर, सोबत बाई सिस्टर, दार बंद, खोलीत कामाशिवायचं कुणी नाही, एवढं केलं की वेदनेचा निम्मा प्रश्न सुटतो. हे मागायला लाजू नका.

आता जेली. झायलोकेन जेली म्हणून जी मिळते तीत २ टक्के लिग्नोकेन असतं, म्हणजे एका मिलीत २० मिलीग्रॅम. ही जेली दोन कामं करते : निसरडं करते आणि बधिर करते. निसरडं करणं ताबडतोब होतं. बधिर करायला वेळ लागतो. पाचेक मिनिटांत सुरुवात होते, दहा-पंधरा मिनिटांत नीट बधिरता येते. टोकाला फासली आणि लगेच दुर्बीण घातली, तर पेशंटला फक्त निसरडेपणाचा फायदा मिळाला. फाइलवर मात्र ‘लोकल अनेस्थेशियाखाली’ असंच लिहिलं जातं. वर म्हटलेल्या दोन वेगळ्या गोष्टी याच.

खरं सांगायचं तर या जेलीच्या बधिर करण्याबद्दल अभ्यासांचं एकमत नाही. लवचीक दुर्बिणीच्या बाबतीत काही ठिकाणी साध्या जेलीत आणि लिग्नोकेनच्या जेलीत फारसा फरक दिसला नाही, काही ठिकाणी स्पष्ट दिसला. माझ्या समजुतीप्रमाणे या गोंधळामागे बऱ्याच अंशी किती जेली घातली आणि किती वेळ थांबले हेच आहे. म्हणून माझी पद्धत सांगतो. पुरुषाला मी दहा ते वीस मिली घालतो, कारण चार-पाच मिली पुढच्याच भागात राहते आणि जिथे खरी गरज आहे त्या झडपेपर्यंत पोचत नाही. सिरिंजने अगदी हळू ढकलतो. जोरात ढकललं तर मूत्रमार्ग एकदम फुगतो, आणि पुष्कळांची दिवसातली पहिली कळ दुर्बिणीची नसून या जेलीची असते. जेली फ्रीजमध्ये ठेवलेली असली तर घालताना चुरचुर कमी होते, म्हणून आमच्या सिस्टर ती थंड ठेवतात. मग टोकाशी मऊ क्लॅम्प लावायचा, किंवा पेशंटलाच दोन बोटांनी हलकं धरायला सांगायचं. मला दुसरं जास्त आवडतं. हातात काहीतरी काम राहतं आणि शरीर आपल्याच ताब्यात आहे असं माणसाला वाटतं.

आणि थांबायचं. किमान दहा मिनिटं.

लिस्ट लांब असली की ओटीत पहिला बळी या दहा मिनिटांचाच जातो. तक्रार करून उपयोग नाही, आठ पेशंट बाहेर बसलेले असतात. यावर सोपा उपाय आहे : एका पेशंटचं काम टेबलावर चालू असताना पुढच्याला बाजूच्या खोलीत जेली घालून झोपवून ठेवायचं. कुणाचाच वेळ जात नाही. जिथे अशी सवय लागलेली आहे तिथे ‘पाच मिनिटांचं काम’ खरोखर पाच मिनिटांत आणि निवांत होतं. तुम्ही नातेवाईक म्हणून एकच गोष्ट विचारायची असेल तर ही विचारा : ‘डॉक्टर, जेली घातल्यावर किती वेळ थांबता?’ प्रश्न नम्रपणे विचारला तर कुणी रागावत नाही. उलट पेशंट जाणता आहे हे कळतं.

एक सावधगिरी. लिग्नोकेनची ॲलर्जी खरोखर असलेले लोक फार थोडे, पण दातांच्या डॉक्टरांकडे इंजेक्शन घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला असं कधी झालं असेल तर आधी सांगा. हृदयाचे ठोके अडखळतात म्हणून औषध चालू असेल तर तेही सांगा. मूत्रमार्ग आधीच खरचटलेला, रक्त येत असलेला असेल तर जेलीतलं औषध रक्तात जास्त उतरतं, तेव्हा आम्ही मात्रा जपून घेतो.

आता दुर्बीण आत जात असताना काय करता येतं ते सांगतो.

दुर्बिणीतून सलाइन चालू असतं. टोक झडपेपाशी आलं की सहायकाने सलाइनची पिशवी हाताने दोन-तीन सेकंद दाबायची. पाण्याच्या दाबाने झडप जरा उघडते आणि दुर्बीण पाण्यामागून सरकते. या एवढ्याशा युक्तीने पुरुषांचं दुखणं कमी होतं हे तपासून पाहिलेलं आहे, आणि खर्च शून्य. त्याच क्षणी मी पेशंटला म्हणतो, ‘काका, आता लघवी करायचा प्रयत्न करा. होईल की काय याची काळजी नको, खाली पाणीच आहे सगळं.’ लघवी करायला गेलं की झडप आपोआप सैल होते. नुसतं ‘रिलॅक्स, रिलॅक्स’ म्हणण्यात काही अर्थ नसतो. टेबलावर उताणा पडलेला माणूस रिलॅक्स कसा होणार? त्याला करता येईल अशी एखादी गोष्ट सांगावी लागते : लघवी सोडा, पायाची बोटं हलवा, तोंडाने लांब श्वास सोडा.

स्क्रीन पेशंटच्या बाजूला वळवायची. लवचीक दुर्बिणीत स्वतःची पिशवी आतून बघणाऱ्या पुरुषांना कमी दुखतं, असं अभ्यासांतही आढळलंय. ‘हा बघा तुमचा स्टेंट, निळा दिसतोय ना? आता चिमट्यात पकडला.’ ज्यांना बघायचं नसतं ते डोळे मिटून घेतात, त्यांच्यावर जबरदस्ती नको. गाणी लावली तर तीही पेशंटच्या आवडीची. डॉक्टरच्या आवडीची गाणी पेशंटवर लादणं हा वेगळाच अत्याचार आहे.

खोली गार नको. आमच्याकडे जुलैमध्ये भिजून आलेला माणूस गाऊन घालून एसीखाली झोपवला तर तो कुडकुडतो, आणि कुडकुडणारा माणूस सगळं अंग आवळून घेतो. ब्लँकेट आणि खोलीच्या तापमानाचं सलाइन या फालतू वाटणाऱ्या गोष्टी माझ्या लेखी औषधाइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

बोलण्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण इथे नातेवाईकांचाही वाटा असतो. ओपीडीत मुलं मला बाजूला घेऊन सांगतात, ‘डॉक्टर, बाबांना काही सांगू नका, ते टेन्शन घेतात.’ प्रेमापोटी सांगतात, पण यातून होतं असं की माणसाला काय होणार ते टेबलावर चढल्यावर कळतं, आणि पहिली अनपेक्षित सणक आली की त्याचा विश्वास उडतो. पुढची पाच मिनिटं तो प्रत्येक हालचालीला दचकतो. मी उलट करतो. काय जाणवेल ते क्रमाने आणि प्रामाणिकपणे सांगतो : आधी जेली थंड लागेल आणि फुगल्यासारखं वाटेल. मग सुन्न होईल. दुर्बीण जाताना एका ठिकाणी दोन-तीन सेकंद जोरात लघवी लागल्यासारखं आणि जळजळ, तिथे मी तुम्हाला आधी सांगेन. नंतर पिशवी भरल्यासारखं वाटेल. स्टेंट ओढला की कमरेपासून खाली काहीतरी सरकल्यासारखं, आणि संपलं. ‘दुखणार नाही’ असं मी म्हणत नाही, कारण थोडं तरी जाणवतं आणि मग मी खोटा ठरतो.

आणखी एक ठराव करतो. हात वर केला की मी थांबणार. आणि खरंच थांबतो, दुर्बीण जिथे असेल तिथे. बहुतेक जण हात वर करतच नाहीत. थांबवायचा उपाय आपल्या हाताशी आहे एवढंच त्यांना पुरतं. तुमच्या वडिलांसारख्या, आधी एकदा ताबा सुटलेल्या माणसासाठी मला हा ठराव कुठल्याही गोळीपेक्षा मोलाचा वाटतो.

गोळीचं विचाराल तर तासभर आधी पॅरासिटॅमॉल द्यायला माझी हरकत नसते. नंतरच्या जळजळीला तिचा थोडा उपयोग होतो. पण किडनीच्या खड्याचा ६८ वर्षांचा पेशंट असेल तर डायक्लोफिनॅकसारखी गोळी घरच्या डब्यातून काढून देऊ नका. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल, ॲसिडिटी असेल, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ती महागात पडते. भीती फार असेल तर रात्री किंवा सकाळी अगदी लहान मात्रेत चिंता कमी करणारी गोळी देता येते, पण ती डॉक्टरांनीच ठरवायची, कारण वय झालेल्या, दमा असलेल्या किंवा घोरणाऱ्या माणसांत जपावं लागतं. त्या दिवशी गाडी चालवायची नाही हे ओघाने आलंच.

मग भूल कधी मागायची? माझे निकष असे आहेत. मूत्रमार्गात आधीपासून आकुंचन असेल किंवा पूर्वी त्यासाठी ऑपरेशन झालं असेल. प्रोस्टेट खूप मोठी असेल आणि दुर्बीण फक्त रिजिडच असेल. स्टेंट ठरल्यापेक्षा बराच जास्त काळ राहिला असेल आणि एक्स-रेमध्ये त्यावर खडे चढलेले दिसत असतील, कारण मग तो नुसता ओढून निघणार नाही. पेशंट लहान मूल असेल, तर तिथे चर्चाच नको. चार जणांनी मुलाला धरून ठेवून काही करणं मला मान्य नाही. आणि शेवटचा निकष : सगळं समजावून सांगितल्यावरही माणूस ‘नको’ म्हणत असेल. ही शेवटची गोष्ट बाकीच्यांइतकीच वजनदार आहे. ‘एवढंसं पण सहन होत नाही का’ असं म्हणणारे नातेवाईक असतात, त्यांना मी बाहेर बसवतो.

भूल म्हणजे इथे सहसा शिरेतून दिलेली, दहा-पंधरा मिनिटांची झोप. त्यासाठी भूलतज्ज्ञ हवेत, ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या हव्यात, सहा तास जेवण बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, आणि नंतर दोन-चार तास निरीक्षण. खर्च वाढतो, अर्धा दिवस जातो. हृदय किंवा फुप्फुसं कमजोर असतील तर भुलीचा धोका त्या दोन-तीन सेकंदांच्या सणकेपेक्षा मोठा असू शकतो. म्हणून ‘भूल म्हणजे सुरक्षित आणि जेली म्हणजे कंजुषी’ असं समीकरण मांडू नका. तुमच्या वडिलांची तब्येत बाकी चांगली असेल तर दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. मी असतो तर लवचीक दुर्बीण आणि दहा मिनिटांची जेली यावर सुरुवात केली असती, भूलतज्ज्ञ त्या वेळी इमारतीत आहेत अशी वेळ निवडली असती, आणि वडिलांना आधीच सांगितलं असतं की नाही जमलं तर आज इथेच झोपवून काढू. मात्र त्यासाठी त्यांना त्या दिवशी उपाशी यावं लागेल, हे लक्षात ठेवा.

नुसत्या जेलीवर ठरलं असेल तर उपाशी येऊ नका. डायबेटिसची गोळी घेऊन, काही न खाता, एप्रिलच्या उन्हात रिक्षाने आलेला माणूस टेबलावरून उठताना घामेघूम होऊन पडतो आणि सगळे समजतात वेदनेने पडला. हलका नाश्ता करा, नेहमीच्या गोळ्या घ्या. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्टेंट काढायला ती सहसा बंद करावी लागत नाही, पण डॉक्टरांना सांगा. काम झाल्यावर लगेच उठू नका, दोन मिनिटं आडवं, दोन मिनिटं बसून, मग उभं.

दोन-चार दिवस आधी लघवीची तपासणी झालेली हवी. जंतुसंसर्ग असताना मूत्रमार्गाची आतली बाजू सुजलेली असते, मग कितीही जेली घाला, आग होतेच. आणि तशात दुर्बीण घातली तर जंतू रक्तात जाऊन थंडी-ताप भरू शकतो, तो धोका वेदनेपेक्षा कितीतरी मोठा. ताप असेल तर तारीख पुढे ढकलायची, लपवून यायचं नाही.

प्रश्नात नसलेली, पण याच धाग्याची एक-दोन कामं. प्रोस्टेटच्या बायॉप्सीत दहा-बारा तुकडे घेतात. तिथे प्रोस्टेटच्या बाजूच्या नसांपाशी इंजेक्शन देऊन बधिर करण्याची पद्धत १९९६ पासून माहीत आहे आणि ती चांगली चालते, पण इंजेक्शननंतरही काही मिनिटं थांबावं लागतं. सुंता मोठ्या माणसात लोकलवर छान होते. त्यात इंजेक्शनच दुखतं, कारण लिग्नोकेनचं द्रावण जरा आम्लधर्मी असतं. बारीक सुई, सावकाश ढकलणं, आणि मग चिमटा काढून पाहिल्याशिवाय सुरुवात न करणं, एवढं पुरतं. म्हणजे औषध कुठलंही असो, थांबणं सुटत नाही.

कॅथेटर पुन्हा कधी घालायची वेळ आली तर प्रोस्टेटच्या पेशंटला बारीक कॅथेटरने कमी दुखेल असं लोकांना वाटतं. होतं बऱ्याचदा उलटं. बारीक नळी प्रोस्टेटपाशी दुमडते आणि परत परत प्रयत्न करावे लागतात. १६ नंबरची, म्हणजे साधारण ५.३ मिलिमीटर जाडीची, किंवा टोक किंचित वर वळलेली नळी एका प्रयत्नात जाते. दोन प्रयत्नांत गेली नाही तर युरोलॉजिस्टला बोलवा म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. आणि कॅथेटर असताना सतत लघवी लागल्यासारखं वाटतं ते आतल्या फुग्यामुळे, त्यावर वेगळी गोळी असते. पेनकिलरने ते जात नाही.

आता काढल्यानंतरचं. एक-दोन दिवस लघवी करताना चुरचुरतं, पहिल्या काही वेळा गुलाबी होते. पाणी पीत राहा, पण एकदम चार लिटर नको. जळजळीवर दिलेल्या एखाद्या गोळीने लघवी केशरी होऊ शकते, ते रक्त नव्हे. काहींना त्याच दिवशी, काही तासांनी, कमरेतून खाली येणारी जोरदार कळ येते, अगदी खड्यासारखी. स्टेंट गेल्यावर मूत्रवाहिनीला थोडी सूज येते म्हणून ती येते. यासाठी गोळी आधीच लिहून घ्या, नाहीतर रात्री अकराला पुन्हा त्याच कॅज्युअल्टीत जाल आणि वडिलांना वाटेल सगळं नव्याने सुरू झालं. हे आधी सांगितलं नाही की घरचे फार घाबरतात. थंडी वाजून १०१ च्या वर ताप, लघवी पूर्ण बंद, गाठी पडणारं लाल रक्त, किंवा गोळीनेही न थांबणारी कळ, यातलं काही झालं तर मात्र सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

राहिला स्टेंट आतच ठेवण्याचा विषय. हा स्टेंट साधारण २४ ते २६ सेंटिमीटरचा, दोन्ही टोकं वळलेली, एक किडनीत आणि एक पिशवीत. तो आत असताना लघवीला वारंवार लागतं, कमरेत चमक येते, घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून रिक्षाने गेलं की लघवी लाल होते. त्यावर टॅमसुलोसिनसारख्या गोळ्यांनी आराम पडतो, तारखेपर्यंत त्या घेऊ द्या. पण तारीख टाळली तर त्याच्यावर क्षार चढत जातात. काही आठवड्यांसाठी ठेवलेला साधा स्टेंट तीन महिन्यांच्या पुढे रेंगाळू देऊ नये. वर्षभर विसरलेला स्टेंट काढायला कधीकधी आधी खडा फोडावा लागतो, भूल लागते, दोन टप्प्यांत ऑपरेशन लागतं. आमच्याकडे असे पेशंट येतात आणि त्यांतले बरेच तुमच्या वडिलांसारखेच, पहिल्या अनुभवाने घाबरून न परतलेले असतात. वडिलांना हे धमकी म्हणून सांगू नका. त्यांना एकदा डॉक्टरांसमोर बसवा, त्या रात्री काय झालं ते त्यांच्याच तोंडून सांगू द्या, आणि मग दुर्बीण कुठली, जेलीनंतर किती थांबणार, नाही जमलं तर काय, हे तीन प्रश्न विचारा. डॉक्टरांनी पाच मिनिटं देऊन उत्तरं दिली तर तिथेच तारीख घ्या. नाही दिली, तर ठाणे आणि नवी मुंबईत दुसरं मत घ्यायला फार लांब जावं लागत नाही. फक्त ते याच आठवड्यात घ्या.